शोधप्रकल्पाची आखणी आणि अकोटचे शिवार

पदव्युत्तर मराठीचा विद्यार्थी संशोधन प्रकल्पाचा विषय लिहून आणतो, तेव्हा त्या कागदावर बहुधा एखाद्या ग्रंथमालेला पुरेल एवढे शीर्षक असते. ‘वऱ्हाडी बोली : एक अभ्यास’, ‘वऱ्हाडातील लोकसाहित्य : स्वरूप आणि समीक्षा’, ‘ग्रामीण कादंबरीतील समाजदर्शन’ ही अशा शीर्षकांची परिचित उदाहरणे होत. विषय एवढा विस्तीर्ण घेतला की पुढचा क्रम जवळजवळ ठरलेलाच असतो. पहिल्या प्रकरणात व्याख्या, दुसऱ्यात प्रदेशाचा इतिहास, तिसऱ्यात पूर्वसुरींची मते. आणि विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेले, ऐकलेले, पडताळलेले असे जे काही असते, ते अखेरच्या दहा पानांत, मुदत संपत आली असताना, घाईने उरकले जाते. या दुरवस्थेचे खापर विद्यार्थ्याच्या आळसावर फोडण्याची प्रथा आहे. वस्तुतः दोष पहिल्या आठवड्यातील आखणीचा असतो.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधनपद्धतीची अभ्यासपत्रिका आणि संशोधन प्रकल्प यांना निश्चित स्थान मिळाले. जे काम एकेकाळी एम.फिल. आणि पीएच.डी.च्या मोजक्या अभ्यासकांपुरते होते, ते आता तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्याही वाट्याला आले आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, नरनाळ्याच्या वाटेवर आणि कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या अकोटसारख्या गावातील विद्यार्थ्याला ही अडचण वाटणे साहजिक आहे. मोठी ग्रंथालये दूर आहेत, दप्तरखाने त्याहून दूर. परंतु त्याच्याजवळ जे आहे, ते नागपूर-पुण्याच्या अभ्यासकाजवळ नाही. त्याच्या घरात आणि शिवारात बोली अजून बोलली जाते, आणि ती बोलणारी माणसे त्याला परकी नाहीत.

तेव्हा विषय कसा आटोपशीर करावा, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, अकोट तालुक्यातील एका विद्यार्थिनीने ‘वऱ्हाडी बोलीचा अभ्यास’ असा विषय मनात धरला आहे. तिने स्वतःला विचारावयाचा पहिला प्रश्न असा : बोलीचे कोणते अंग? शब्दसंपदा, असे उत्तर आले, तर कोणत्या व्यवहारातील शब्दसंपदा? कापसाच्या शेतीतील. कोणत्या कामातील? वेचणीच्या. कोणाच्या तोंडची? वेचणी करणाऱ्या स्त्रियांच्या. कोणत्या गावांतील? डोंगराच्या कुशीतील पोपटखेड आणि अकोल्याच्या रस्त्यावरील चोहोट्टा बाजार, या दोन गावांतील. आता विषयाला कडा आल्या. पण विषयाला कडा आल्या म्हणजे प्रश्न सापडला, असे नव्हे. पायथ्याच्या गावात मेळघाटातील कोरकूभाषक मजुरांचा सहवास आहे आणि कोरकू ही मराठीहून सर्वस्वी वेगळ्या, मुंडा कुळातील भाषा. मग या दोन गावांतील वेचणीच्या शब्दांत काही फरक आढळतो काय? आढळल्यास तो सहवासामुळे, की पिढीमुळे? हा झाला संशोधनाचा प्रश्न. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले, तरी प्रकल्प वाया जात नाही. ज्याचे उत्तर आधीपासून ठाऊक असते, त्याला प्रश्न म्हणण्यात अर्थ नाही.

प्रश्न ठरल्यावर पूर्वाभ्यासाची दिशाही आपोआप ठरते. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा १९०५ साली निघालेला सातवा खंड मराठीचा आहे आणि त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. मात्र ते वापरताना त्यांची जडणघडण ध्यानी घ्यावी लागते. या सर्वेक्षणात सर्वत्र एका ठरीव बायबल-कथेचे स्थानिक बोलींत भाषांतर करून घेतले गेले. त्यामुळे त्यात बोली दिसते, पण शेतावरचा व्यवहार दिसत नाही. वेचणीचा शब्द त्यात सापडला नाही, म्हणून तो १९०५ साली नव्हता, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अलीकडे डेक्कन महाविद्यालय आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेले मराठी बोलींचे सर्वेक्षण उपलब्ध आहे; त्यातील ध्वनिमुद्रणे तुलनेला उपयोगी पडतात. प्रदेशाच्या माहितीसाठी १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटिअर, १९१० चे अकोला जिल्ह्याचे गॅझेटिअर आणि यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ हे प्रारंभीचे टप्पे होत. जुने प्रबंध शोधताना एक साधी गोष्ट विसरली जाते. अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ ची. तत्पूर्वी या भागातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती. साहजिकच त्याआधीचा प्रबंध अमरावतीत सापडला नाही, तर नागपूरला विचारावे लागते. ‘या विषयावर आजवर काम झालेले नाही’ हे वाक्य लिहिण्याचा अधिकार एवढी चौकशी केल्यावरच प्राप्त होतो.

वेळापत्रकाच्या बाबतीत विद्यापीठाचे पंचांग आणि शिवाराचे पंचांग यांचा मेळ घालावा लागतो. वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. काही घरी पहिल्या वेचणीच्या वेळी सीतादहीचा विधी होतो. त्या दिवशीचे बोलणे पुढे फेब्रुवारीत ऐकावयास मिळणार नाही. फरदडीचे शब्द ऐकावयाचे तर हंगामाच्या अखेरीस पुन्हा जावे लागेल. ज्या विद्यार्थिनीने ‘आधी पुस्तके वाचून संपवू, मग गावात जाऊ’ असा बेत केला, तिला शिवार रिकामे सापडेल. म्हणून प्रश्नावली पावसाळ्यातच तयार असावी, दोन-तीन जाणत्या स्त्रियांशी बोलून तपासून घेतलेली असावी, आणि मुलाखतीची वेळ बोलणाऱ्या बाईच्या सोयीची असावी. दिवसभर वेचणी करून आलेल्या बाईला चूल पेटवायच्या वेळी प्रश्न विचारणे हे अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी आणि माणुसकीच्या दृष्टीने अनुचित होय. ध्वनिमुद्रणास तिची संमती असावी. अहवालात तिचे नाव यावे की नाही, हेही तिलाच विचारावे.

संकलनातील सर्वांत नाजूक जागा लिप्यंतराची आहे. बाई म्हणते, ‘मले’. विद्यार्थिनी लिहिते, ‘मला’. बाई म्हणते, ‘डोया’; कागदावर उतरते ‘डोळा’. हे हेतुपुरस्सर होत नाही. शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून ज्या बोलण्यावर लाल शाईची रेघ ओढली गेली, ते बोलणे विद्यापीठाच्या कागदावर जसेच्या तसे उतरवताना हात अडखळतो. आपल्या आईचे बोलणे अशुद्ध आहे, ही समजूत इतकी खोल रुजलेली असते की संशोधनाच्या मुख्य पुराव्यावरच ती नकळत शुद्धिपत्र चालवते. परिणामी अभ्यास बोलीचा आणि पुरावा प्रमाणभाषेचा, अशी विसंगती निर्माण होते. येथे शिक्षकाची जबाबदारी मोठी आहे. अहवालाचे विवेचन प्रमाण मराठीत असावे, हे योग्यच. परंतु उद्धृत केलेले प्रत्येक बोल ऐकले तसे, स्थळ, दिनांक आणि बोलणाऱ्याचे वय यांसह नोंदले गेले पाहिजे. ही शिस्त पाळताना विद्यार्थिनीच्या मनातील न्यूनगंड गळून पडला, तर तो प्रकल्पाचा आनुषंगिक लाभ समजावा.

या शिस्तीची परंपरा वऱ्हाडास नवी नाही. रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यातील गाव. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, तेव्हा ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले होते, त्यांच्याकडे जाऊन त्याने विचारपूस केली आणि नागदेवाचार्यांकडून त्यांची शहानिशा करून घेतली, असे परंपरा सांगते. पुढे मूळ पोथी हरपल्यावर शिष्यांच्या स्मरणातून ‘लीळाचरित्रा’चे निरनिराळे पाठ सिद्ध झाले, आणि त्यांतील भेद ज्याच्या त्याच्या नावानिशी टिकून राहिले. कोणी काय सांगितले, हे पुसून टाकून एकच गुळगुळीत कथन करण्याचा मोह तेथे आवरलेला दिसतो. विष्णु भिकाजी कोलते यांच्यासारख्या वऱ्हाडच्याच सुपुत्राने १९७८ साली या ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध केली, तीही पाठभेदांच्या अशा चिकाटीच्या छाननीतून. आपल्या काळात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदल्यामुळेच पुढच्या अभ्यासकांना त्या ओव्यांकडे पुन्हा जाता आले. काळ, साधने, उद्दिष्टे सर्व भिन्न. परंतु ‘सांगणारा कोण?’ हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे.

सामग्री हाती आल्यावर लेखनाचा क्रम वाचनाच्या क्रमाहून वेगळा ठेवणे हिताचे. प्रस्तावना वाचकाने प्रथम वाचावयाची असली, तरी ती शेवटी लिहावी. आरंभ मधल्या, म्हणजे विश्लेषणाच्या प्रकरणापासून करावा. एकेका टिपणपत्रावर एकच शब्द, त्याचा अर्थ, तो कोणत्या वाक्यात आला, कोणी उच्चारला, कोशात आहे की नाही, एवढे असावे. पत्रांची चळत गावाप्रमाणे, मग वयाप्रमाणे, मग कामाच्या टप्प्याप्रमाणे लावून पाहावी. यांपैकी ज्या मांडणीत काही आकृती दिसू लागते, ती प्रकरणांची मांडणी. लिहिताना ऐकलेले, वाचलेले आणि अनुमानिलेले या तीन गोष्टी एका वाक्यात मिसळू देऊ नयेत. ‘हा शब्द कोरकूतून आला आहे’ आणि ‘हा शब्द पायथ्याच्या गावात ऐकला, सपाटीच्या गावात ऐकला नाही’ या दोन विधानांत फार मोठे अंतर आहे. दुसऱ्याला टिपणपत्र पुरते. पहिल्याला भाषाशास्त्रीय प्रमाण लागते.

उचलेगिरीविषयी आता नियम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे साम्य वाढत जाईल तशी सुधारित लेखन सादर करण्यापासून नोंदणी रद्द होण्यापर्यंत कारवाई आहे. परंतु टक्केवारी ही प्रामाणिकपणाची व्याख्या होऊ शकत नाही. शब्द फिरवून उतरवलेला उतारा यंत्राच्या नजरेतून निसटतो. न घेतलेली मुलाखत तर यंत्राला मुळीच ओळखता येत नाही. ती मार्गदर्शकाने ओळखावयाची असते, आणि त्याचा एकच उपाय म्हणजे टिपणे व ध्वनिमुद्रणे महिन्यातून एकदा समोर ठेवून पाहणे. केवळ अंतिम प्रत पाहून सही करणाऱ्या मार्गदर्शकाला विद्यार्थ्याला दोष देण्याचा अधिकार उरत नाही.

निष्कर्ष प्रश्नाच्या मापाचे असावेत. दोन गावांतील काही स्त्रियांच्या बोलण्यावरून साऱ्या वऱ्हाडाविषयी निर्णय देऊ नये. ‘या दोन गावांत, या हंगामात, एवढे आढळले’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. २००२ नंतर आलेल्या बीटी वाणांनी कापसाची शेती पालटली. पेरणी-डवरणीची जुनी अवजारेही अनेक ठिकाणी मागे पडत आहेत, आणि अवजार गेले की त्याच्या भागांची नावे एका पिढीत जातात. अशा वेळी दिनांकानिशी झालेली छोटी नोंदही पुढच्या अभ्यासकाला मौल्यवान ठरते. म्हणून परीक्षा आटोपल्यावर अहवालाची एक प्रत, टिपणपत्रे आणि ध्वनिमुद्रणे यांसह, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा व्हावी आणि तिची नोंद सूचीत व्हावी. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या गावापासून आरंभ करता येईल, एवढी व्यवस्था विभागाने केली, तरी पुष्कळ साधले असे म्हणता येईल.