साडेचार फुटांवरून

भाचीने तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा, फोटो पाठवला. मोबाइल हातभर अंतरावर धरून काढलेला. खिडकीतून सकाळचं ऊन आलंय, आई मनापासून हसतेय, पण चेहरा आईचा वाटेना. नाक पुढे आलेलं, कान मागे दडलेले, कपाळ नको तितकं गोल. ज्या नाकाची घरात एवढी तारीफ, त्याचं हे काय झालं, म्हणून मी तो फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले. खाली तिचा प्रश्न होता : "मावशी, मामाने त्याचा जुना कॅमेरा दिलाय. माणसांचे फोटो काढायचेत. लेन्स कोणती घेऊ? पंधरा हजारांच्या वर जाता येणार नाही."

कॅमेरा निकॉनचा डी५६००, सोबत १८-५५ची किट लेन्स. उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण ते नाक डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण पाच इंच. मोबाइल दीड फुटावर असेल, तर कान नाकापेक्षा चतुर्थांशाहून थोडा जास्तच लांब पडतो आणि फोटोत त्या प्रमाणात लहान होतो. तोच चेहरा साडेचार फुटांवरून बघा, हा फरक दहाव्या हिश्शाच्याही खाली येतो आणि सगळं आपापल्या जागी बसतं. लांब फोकल लेंथची लेन्स चेहरा सुंदर करते असं सगळे म्हणतात. करतं ते अंतर. लेन्स फक्त आपण कुठे उभं राहायचं ते ठरवते. डी५६००वर छातीपर्यंतचा उभा फोटो घ्यायचा, तर ३५ एमएमने तीन फुटांवर जावं लागतं, ५० एमएमने साडेचार, ८५ एमएमने सात-साडेसात. लेन्स निवडायची म्हणजे समोरच्या माणसापासून किती दूर बसायचं ते निवडायचं.

८५ एमएम मलाही आवडते. पण आपल्या घरांत सात फूट मागे सरकलं की पाठ कपाटाला लागते, आणि मग "आई, जरा इकडे बघ" हे मोठ्याने सांगावं लागतं. मोठ्याने सांगितलं की माणूस फोटोसाठी बसल्यासारखा बसतो. तीन फूट हे फार जवळ; वयस्क माणसं नकळत मान मागे घेतात. साडेचार फुटांवर मात्र एक जण ओट्याशी आणि एक जण उंबऱ्यात असं बोलणं चालू राहतं. चहा होतो, कोणाच्या लग्नाचं ठरलं ते निघतं, आणि चेहरा कॅमेरा विसरतो.

हे अंतर मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत. फोटोवाले काका हाफ प्लेटचा लाकडी कॅमेरा वापरायचे, भात्याचा, डोक्यावर काळं कापड घेऊन बघायचा. कॅमेऱ्याच्या तिवईचे पाय वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी टेकून शहाबादी फरशीत तीन खळगे पडले होते. समोर स्टूल. खळगे आणि स्टूल यांच्यात मोठ्या माणसाची दोन पावलं. कोणीही येवो, नवरानवरी येवोत की एसएससीचा फॉर्म भरायला निघालेला मुलगा, तिवई त्या खळग्यांतून हलायची नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "इथून आवाज न चढवता बोलता येतं, बाळ."

माझ्या आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. गालांवर, नाकाच्या शेंड्यावर वण. आजोबांच्या आग्रहाखातर ती फोटोला बसली, नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. चार दिवसांनी मी फोटो आणायला गेले तेव्हा काका अजून निगेटिव्हवर बसले होते. खिडकीपाशी उतरतं मेज, त्यात दुधी काच, काचेमागून उजेड, डोळ्याला भिंग. पेन्सिल काचकागदावर घासून सुईइतकी टोकदार केलेली. निगेटिव्हवर आधी एक चिकट वार्निश बोटाने चोळलेलं, नाहीतर शिसं धरत नाही. वणाचा खोलगट भाग निगेटिव्हवर फिका, जवळजवळ पारदर्शक दिसतो. तिथे शिशाचे बारीक बारीक ठिपके भरत गेलं की छापात ती जागा उजळते आणि वण मावळतो. एका गालाला अर्धी दुपार. हात जराही थरथरत नव्हता. ओठ मात्र हलत होते, जपासारखे.

आजीने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग माझ्याकडे देऊन म्हणाली, "छान आहे. पण ही माझ्यासारखी कोणीतरी दुसरी आहे. त्यांना म्हणावं, माझे वण असू द्या." मला हा निरोप सांगायची लाज वाटत होती. काकांनी ऐकून घेतलं, कापसाला टर्पेंटाइन लावलं आणि ती अर्ध्या अर्ध्या दुपारची कामगिरी एका हाताने पुसून टाकली. चेहऱ्यावर राग नव्हता. दुसरा छाप काढला, त्याचे पैसे घेतले नाहीत. आज भिंतीवर आहे तो तो दुसरा. खिडकीच्या बाजूच्या गालावर प्रत्येक वणाला स्वतःची सावली आहे, आणि आजी थेट बघते आहे.

चेहऱ्यासाठी म्हणून गणित मांडून केलेली पहिली लेन्स १८४०ची, व्हिएन्नातल्या जोसेफ पेट्झवालची. तोवर माणसाला मिनिटंच्या मिनिटं निश्चल बसावं लागे. पेट्झवालने साधारण एफ/३.६ एवढं तोंड उघडलं आणि आकडेमोडीला तोफखान्यातले हिशेबी सैनिक मिळवले. ती लेन्स मधोमध लख्ख आणि कडांना भोवऱ्यात सापडल्यासारखी. कोणाचं काही अडलं नाही, कारण चेहरा मधोमध असतो. आजही लेन्सची परीक्षा विटांच्या भिंतीचे फोटो काढून, चारी कोपरे ताडून केली जाते. माणसाच्या फोटोत कोपऱ्यात पडदा असतो, मांजर असतं. तिथल्या धारेसाठी दुप्पट पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

आणि कोलकात्यात १८१५ साली जन्मलेली ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्लंडात, लेकीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. कोंबड्यांच्या खुराड्याचा तिने स्टुडिओ केला, कोळशाच्या खोलीची डार्करूम. फोकस करताना चेहरा सुंदर दिसला की ती तिथेच थांबे, पुढे रेघन्‌रेघ तासत बसत नसे. त्या काळच्या जाणकारांनी नावं ठेवली. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलचा पिंजारलेल्या केसांचा चेहरा आठवायचा म्हटलं की आज तिनेच काढलेला फोटो समोर येतो.

म्हणून भाचीला लिहिलं : ५० एमएम एफ/१.८ घे, एएफ-एस लिहिलेली. जुनी 'डी' मालिकेतली स्वस्त मिळेल, पण तिच्यात मोटर नाही आणि तुझ्या कॅमेऱ्यातही नाही, त्यामुळे ऑटोफोकस चालणार नाही. एएफ-एस वापरलेली मिळाली तर तुझ्या पैशांत बसून वर काही उरेल. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जा, उजेडी जा. अपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने टॉर्च मार. आपल्या दमट हवेत काचेच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात; दिसले तर ठेवून दे. धुळीच्या दोन कणांनी काही बिघडत नाही. अपर्चरच्या पाकळ्यांवर तेल नको.

किट लेन्स ५५वर एफ/५.६पर्यंतच उघडते. ही ५० एमएम जवळजवळ दहापट उजेड आत घेते, ट्यूबलाइटखाली संध्याकाळी याची किंमत कळते. पण सारखी १.८वर नको ठेवू. साडेचार फुटांवर तिथे जेमतेम दोन इंच खोली मिळते. एक डोळा कोरीव, दुसरा धुक्यात, असे चेहरे मला दमवतात. २.८वर दोन्ही डोळे येतात आणि नथ येते. ४वर कुड्यांचे मोतीही. आणि मागची फडताळं, पितळी डबे, कॅलेंडर थोडं ओळखू येऊ दे. तुझ्या आजीने ते घर लावलंय, ते पुसून तिच्या मागे रंगांचे नुसते गोळे कशाला ठेवायचे?

उरलेल्या पैशांत प्रिंट काढ. ज्याचा फोटो काढशील त्याला एक प्रत पोचती कर. गावोगावी कित्येक म्हाताऱ्यांचे फोटो शहरातून आलेले लोक काढून नेतात, त्यांच्या सुरकुत्यांची वाखाणणी होते, बक्षिसं मिळतात, आणि त्या म्हातारीला आपण कशा दिसलो ते कधी कळत नाही. स्टुडिओवाले काका तपकिरी पाकिटात, वर झिरझिरीत कागद घालून फोटो हातात द्यायचे. फोटो आवडला नाही तर सांगायची सोय त्यातच होती. ती सोय समोरच्या माणसाला मिळाली पाहिजे, लेन्स कोणतीही असो.