दोन पडद्यांमधली फट

रोल नसलेल्या जुन्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडावं, लेन्स खिडकीकडे करावी, वेग एक सेकंदावर ठेवावा आणि बटण दाबावं. काळा पडदा सरकतो, उजेडाचा एक आयत उघडतो, आत दातेरी चाकं घर्रर्र करत सेकंद मोजतात आणि दुसरा पडदा येऊन उजेड झाकतो. मग वेग सेकंदाच्या हजाराव्या भागावर न्यावा. आता तो आयत लख्खकन उजळून विझल्यासारखा वाटतो. मला सगळ्यात मोठं नवल वाटतं ते इथे, कारण या वेळी तो आयत पूर्ण उघडलेलाच नसतो.

ऑस्कर बर्नाकच्या लायका कॅमेऱ्यात, 1925 साली, रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे आडवे धावत. फिल्मची चौकट 36 मिलिमीटर रुंद. पुढे 1954 मध्ये आलेल्या लायका एम3 मध्येही ती ओलांडायला पडद्याला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग लागे. याहून चपळ धावणं कापडाला आणि स्प्रिंगला झेपणारं नव्हतं. मग हजारावा भाग कुठून आणायचा? पहिला पडदा पलीकडे पोचायच्या आतच दुसऱ्याला मागोमाग सोडायचं. दोघांमध्ये उरते जेमतेम दोन मिलिमीटरची फट, आणि ती फट चौकटीवरून सरकत जाते. पडदे सुटताना संथ असतात, वाटेत वेग घेतात. म्हणून फटही धावता धावता रुंदावते, आणि फिल्मच्या प्रत्येक जागेला उजेड मात्र सारखाच वेळ मिळतो. ही तडजोड ज्यांना सुचली त्यांच्यापुढे मी मनोमन हात जोडतो.

म्हणजे ज्याला आपण एक क्षण म्हणतो, तो फोटोच्या एका कडेला आधीचा असतो आणि दुसऱ्या कडेला नंतरचा. स्थिर डोंगराला याचं काही नाही. पळत्या वस्तूवर मात्र खूण उमटते. पहिल्या महायुद्धाच्या आधी फ्रान्समधल्या मोटारशर्यतीत जाक-आंरी लार्तिग या तरुणाने धावत्या गाडीचा फोटो घेतला. त्याच्या कॅमेऱ्यात फट उभी सरकत होती. गाडीचा खालचा भाग आधी टिपला गेला, वरचा नंतर, आणि तेवढ्यात गाडी पुढे गेली. चाक लंबगोल होऊन पुढे झुकलं. लार्तिग गाडीबरोबर कॅमेराही फिरवत होता, म्हणून कडेचे प्रेक्षक उलट्या दिशेला कलले. वेग कसा दिसतो हे या चित्राइतकं नेमकं मला दुसऱ्या कुठल्या चित्राने सांगितलेलं नाही.

फ्लॅशला मात्र ही फट चालत नाही. त्याचा लखलखाट इतका अल्पायुषी की तेवढ्या वेळात सगळी चौकट उघडी हवी, नाहीतर फोटोचा एक पट्टाच उजळतो. तिथे लेन्समध्ये बसवलेलं पात्यांचं शटर कामाला येतं. त्याची पाती मध्यापासून फाकतात, म्हणून फ्लॅश कुठल्याही वेगाला चालतो. याशिका-मॅटसारख्या कॅमेऱ्यांत हेच शटर असे. पण पात्यांना जाऊन, थांबून, उलट फिरावं लागतं. सेकंदाच्या पाचशेव्या भागापाशी बहुतेकांची दमछाक होते.

पडद्यांची वाट आखूड करणं हा दुसरा उपाय. आडव्या 36 ऐवजी उभे 24 मिलिमीटर, आणि कापडाऐवजी धातूची पाती. 1982 च्या निकॉन एफएम2 मध्ये टायटॅनियमची पाती आली. वजन घटावं म्हणून त्यांच्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी कोरली होती. वेग सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत गेला. हे शटर चालायला बॅटरी लागत नाही. ती फक्त उजेड मोजायला. अंगठ्याने ओढलेल्या तरफेतली ताकद स्प्रिंगमध्ये साठते आणि तेवढ्यावरच सारं भागतं. माणसाच्या हाताने भरलेल्या शक्तीतून इतका बारीक काळ कापून काढणारी यंत्रं फार नाहीत, आणि अशी यंत्रं सांभाळली जावीत असं मला कळकळीने वाटतं.

2021 च्या निकॉन झेड9 या डिजिटल कॅमेऱ्यात तर यांत्रिक शटरच नाही. फिल्मच्या जागी असलेला सेन्सर एकेक ओळ वाचत जातो, फार झपाट्याने. मोबाइलचा सेन्सरही ओळीमागून ओळच वाचतो, पण बराच सावकाश. पडदे गेले, फट राहिली. विमानाच्या खिडकीतून फिरत्या पंख्याचा फोटो मोबाइलवर घेतला की पाती कोयत्यासारखी वाकलेली येतात. लार्तिगचं चाक झुकलं, त्याचंही कारण हेच.