निकालाची जबाबदारी

दहावीचा निकाल कमी लागला की आमच्या रत्नागिरीतल्या उर्दू शाळेत पहिला सवाल येतो, कसूर कुणाचा?

तेव्हा मला एस.एल.व्ही.-३ ची हकिकत आठवते. प्रकल्प संचालक होते ए. पी. जे. अब्दुल कलाम, घन इंधनाच्या कामात वसंत गोवारीकरांसारखा मराठी माणूस होता. १० ऑगस्ट १९७९ रोजी रॉकेट समुद्रात कोसळले. इस्रोचे प्रमुख सतीश धवन स्वतः पत्रकारांसमोर गेले, जबाबदारी आपल्यावर घेतली. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केले. कलाम ही आठवण नेहमी सांगत.

हुशार इंजिनिअर पुष्कळ मिळतात, असा वरिष्ठ विरळा.

गणितात राहिलेली माझी एक विद्यार्थिनी पुरवणी परीक्षेला बसते आहे. कसूर विचारायला कुणी आलेच, तर पुढे मी उभी राहीन. पास झाली, तर पेढे तिच्याच हातून वाटले जातील.