दोरावर चढण्याचा पोशाख

आमच्या वर्गांतील माणसें कोणत्याहि नव्या गोष्टीस सिद्ध होतात, तेव्हां तींत धोका किती आणि खर्च किती हे प्रश्न मागाहून निघतात. पहिला प्रश्न असतो तो अंगांत काय घालावयाचें हा. म्हणून आमच्या बारा वर्षांच्या कन्येनें एके रात्रीं जेवतां जेवतां आपण हवेंतल्या झोंक्यावर काम करण्यास शिकणार असल्याचें जाहीर केलें, तेव्हां आमच्या मातोश्रींनीं भाताचा घांस हातांतच ठेवून विचारलें तें एवढेंच, "आणि तिथं नेसायचं काय?" पडून हात मोडला तर काय, असें त्यांनीं विचारलें नाहीं. याचें आम्हांस त्या वेळीं नवल वाटलें नाहीं; आतां वाटतें.

हा सारा प्रताप सर्कशीचा. हिवाळ्यांत ती आमच्या पुसदला आली. पूस नदीच्या कांठचें, डोंगरांनीं वेढलेलें हें गांव. येथें बाहेरचें कौतुक आलें कीं आम्ही सहकुटुंब पाहावयास जातों, मग तें कौतुक असो वा नसो. आमच्या लहानपणीं सर्कस म्हणजे वाघ आणि सिंह. झोंक्यांचा खेळ हा पुढचा पिंजरा उभारून होईपर्यंत वेळ काढण्यासाठीं असतो, अशी आमची समजूत होती. १९९८ च्या सरकारी अधिसूचनेनें वाघ, सिंह, बिबटे, अस्वलें आणि माकडें यांचे खेळ बंद झाले, २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती बंदी कायम केली, आणि २०११ सालीं त्याच न्यायालयानें सर्कशींत लहान मुलांना कामास ठेवण्यासहि मनाई करण्याचा आदेश दिला. हें सर्व योग्यच झालें. पण त्यामुळें तंबूचा सगळा भार आतां माणसांवर, आणि त्यांतूनहि झोंक्यावरच्या माणसांवर, येऊन पडला आहे. उंच फळीवरून एक मुलगी निघते, झोंक्याच्या टोंकाला पोंचून हातांतली दांडी सोडून देते, आणि समोरून गुडघ्यांवर उलटा लोंबत आलेला गडी तिचीं मनगटें धरतो. सोडणें आणि धरणें यांच्यामध्यें जो क्षण असतो, त्यांत ती कोणाचीहि नसते. आमची कन्या त्या क्षणीं खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. मातोश्रींनीं त्याच क्षणीं डोक्यावरचा पदर पुढें ओढला होता. दोघींच्या मध्यें आम्ही बसलों होतों, म्हणून दोन्ही गोष्टी आम्हांस दिसल्या.

घरांत मतभेद झाला म्हणजे पुस्तकांचा आश्रय करण्याची आमची जुनी संवय आहे. तींत आम्हांस एक गंमत सांपडली. जो अंगासरसा पोशाख पाहून मातोश्रींनीं पदर ओढला, तो मुळांत एका पुरुषाचा आहे. फ्रान्समधील तुलूझ गांवीं झ्यूल लेओतार नांवाचा एका व्यायामशाळेच्या मालकाचा मुलगा होता. त्यानें बापाच्या पोहण्याच्या हौदावर झोंके टांगून, पडलें तर पाण्यांत पडावें अशा बेतानें, एका झोंक्यावरून दुसऱ्यावर उडी घेण्याचा सराव केला, आणि १२ नोव्हेंबर १८५९ रोजीं पॅरिसच्या सर्कशींत तो खेळ लोकांस दाखविला. हातापायांस अडेल असें कांहीं नको म्हणून त्यानें अंगाबरोबर बसणारा विणीचा कपडा वापरला. आज शाळकरी मुली कसरतीच्या वेळीं घालतात त्या लिओटार्डला त्याचेंच नांव चिकटलेलें आहे. बिचारा १८७० सालीं ऐन तारुण्यांत वारला. झोंक्यावरून पडून नव्हे, रोगानें.

फ्रान्सचें उदाहरण मातोश्रींस पटणार नाहीं हें ठाऊक असल्यामुळें आम्हीं घरचेंहि एक काढून ठेविलें होतें. सांगलीकडच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरीं घोडे फिरविण्यांत वाकबगार. किआरिनी नांवाच्या इटालियनाची सर्कस मुंबईस आली, ती पाहून हें काम आपल्या लोकांसहि साधेल अशी त्यांनीं ईर्षा धरिली, आणि २० मार्च १८८० रोजीं कुरुंदवाडास पहिली हिंदी सर्कस उभी केली. याच विष्णुपंतांनीं पुढें रहिमतखांसारख्या गवयास सांभाळलें, हें संगीताच्या भक्तांस ठाऊक आहेच. त्या पहिल्या सर्कशींत घोड्यावर विष्णुपंत आणि झोंक्यावर त्यांची पत्नी काम करीत, असें नमूद आहे. "दीडशें वर्षें होत आलीं," आम्ही विजयी स्वरांत म्हणालों, "आणि बाई घरंदाज होत्या."

मातोश्री वाती वळीत होत्या. त्यांनीं मान वर न करितांच उत्तर दिलें, "तिचा नवरा सर्कशीचा मालक होता. तिला कोण बोलणार?"

यावर आम्हांस कांहीं सुचलें नाहीं. आजहि सुचलेलें नाहीं.

आमचा एक भाचा अमेरिकेंत असतो. तेथें हौशी माणसांस पैसे भरून हा खेळ शिकतां येतो, आणि हिशेबाचें काम करणाऱ्या या गृहस्थानें दोन तास तो शिकून पाहिला होता. कन्येनें त्याला प्रश्नांची यादी धाडली. त्याचें उत्तर सविस्तर आलें. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन दोर, दोर खालीं शिक्षकाच्या हातीं, आणि सर्वांच्या खालीं जाळें. प्रथम जमिनीलगतच्या दांडीवर गुडघे अडकवून लोंबण्यास शिकवितात, मग वीस-पंचवीस फूट उंचीच्या फळीवर चढवितात. भीति झोंका घेतांना वाटत नाहीं. फळीच्या कडेला पायांचीं बोटें बाहेर काढून उभें राहण्यास सांगतात, तेव्हां वाटते. पोशाखाविषयीं त्यानें लिहिलें होतें कीं कपडा अंगाबरोबरचा असावा, सदरा आंत खोंचलेला असावा, अंगठी, कडें, बटण, नाडी असें अडकणारें कांहीं नसावें, केस बांधलेले असावेत, आणि विजार गुडघ्याखालीं जाणारी असावी. नाहींतर दांडीनें गुडघ्यामागची कातडी सोलवटते. हें शेवटचें वाक्य मातोश्रींनीं पुन्हां वाचून घेतलें. झोंक्याच्या बाजूनें बोलणारें असें हें पहिलेंच वाक्य त्यांच्या कानीं पडलें होतें.

परंतु पुसदला अशी शाळा कोठून असणार? येथें होता तो मल्लखांब. एका मैदानाच्या कोंपऱ्यांत अमरावतीस शिकून आलेला एक तरुण सकाळ-संध्याकाळ मुलांकडून खांबाचें आणि मुलींकडून दोरीच्या मल्लखांबाचें काम करून घेत असे. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचें. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं त्याच्या चमूनें तेथें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं होतीं. वऱ्हाडांतल्या माणसास मल्लखांबाचा अभिमान वाटण्यास तेवढें पुरे आहे. आम्हांस तो होताच, मात्र दुरून. बाळंभट दादा देवधरांनीं दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत ही विद्या पुन्हां नांवारूपास आणिली, खांबाबरोबर वेतावरहि काम होत असे, मग तसा वेत मिळेनासा होऊन सुती दोर आला, २०१९ सालीं मुंबईस शिवाजी पार्कावर जागतिक स्पर्धा झाल्या, इत्यादि माहिती आम्ही वर्गांत मुलांस तीस वर्षें सांगत आलों. दोरास हात मात्र कधीं लाविला नव्हता.

कन्येनें चौकशी केली, नांव घातलें, आणि संमतिपत्र आणून आमच्यापुढें ठेविलें. खालीं पोशाखाची सूचना होती. आम्हीं तें टेबलाच्या खणांत ठेविलें. "पाहूं" हा शब्द मराठींत कोणीं निर्माण केला हें ठाऊक नाहीं, पण तो बापांसाठींच केला असला पाहिजे. आठ दिवस आम्हीं त्यावर काढले. खरें सांगावयाचें तर अडचण मातोश्रींची नव्हती. आमच्या मुलीनें गणेशोत्सवांत त्या पोशाखांत दोरावर लोंबावें आणि समोर ओळखीचे चारशें लोक बसलेले असावेत, हें चित्र आमच्याच डोळ्यांपुढून हलत नव्हतें. मातोश्री तें मोठ्यानें बोलत होत्या, आम्ही त्यांच्या आड उभे होतों, एवढाच काय तो फरक.

नवव्या दिवशीं कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदां चढून पाहा. मग नाहीं म्हणा."

भल्या पहांटे, ओळखीचीं माणसें फिरावयास निघण्यापूर्वीं, आम्ही मैदानावर गेलों. अंगांत पायजमा आणि वर ढगळ सदरा. म्हणजे आमच्या मतें सभ्य आणि मोकळा असा वेष. शिक्षकानें आम्हांस पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलें आणि नम्रपणें म्हटलें, "काकाजी, पायजम्यात दोर पकडत नाही. पण पाहा तुम्ही." वरच्या आडव्या खांबास बांधलेला बोटाएवढ्या जाडीचा दोर खालीं गादीपर्यंत लोंबत होता. दोन्ही हातांनीं तो डोक्यावर धरावयाचा, आणि पायाचा अंगठा व शेजारचें बोट यांच्या बेचक्यांत तो चिमटून अंग वर उचलावयाचें. पन्नास वर्षें ज्या अंगठ्यास आम्हीं बुटांत कोंडून ठेविलें होतें, त्याच्यावर सगळें शरीर सोंपविण्याची ही वेळ. अंगठ्यानें दोर धरला, निदान धरल्यासारखें केलें. पण पायजम्याचें कापड मध्यें आलें, तें दोरावरून सरकलें, आणि कापडाबरोबर आम्हीहि. हाताचे तळवे पोळले. खालीं गादी होती म्हणून पुढची हकीकत सांगतां येत आहे.

मग शिक्षकानें स्वतःची तोकडी विजार दिली. लाजेचा एक प्रकार असा असतो कीं तो अंगावर येईपर्यंतच मोठा वाटतो. ती विजार घालून आम्ही दुसऱ्यानें चढलों, आणि या खेपेस मांडीची उघडी कातडी दोरास खरोखरच धरून राहिली. जळजळली, पण सुटली नाहीं. जमिनीपासून तीन हात वर आम्ही स्वतःच्या बळावर होतों! पुढें त्या तरुणानें कंबरेस आधार देऊन आम्हांस उलटें केलें. अढी म्हणतात ती हीच. पाय वर, डोकें खालीं, दोर मांड्यांमध्यें आवळलेला. आणि त्याच क्षणीं आमचा तो सभ्य, मोकळा, ढगळ सदरा घसरून तोंडावर आला.

काळोख झाला. जमीन कोठें, आकाश कोठें, शिक्षकाचा हात कोठें, कांहीं कळेना. पोट, पाठ आणि जानवें उघडें पडलें तें सगळ्या मैदानास दिसत होतें. दिसत नव्हतें तें आम्हांसच. आम्हीं सदरा सांवरण्यास एक हात सोडला. असें कधीं करूं नये हें पहिल्याच दिवशीं प्रत्येक मुलीस सांगतात, हें आम्हांस नंतर कळलें. शिक्षकानें आम्हांस अक्षरशः कवेंत घेऊन खालीं उतरविलें. "म्हणूनच तर तंग कपडा, काकाजी," तो म्हणाला, "पोरीचं लक्ष कपड्याकडे गेलं की हात सुटते."

फाटकाशीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील उभे होते. त्यांनीं नमस्कार केला. आम्हींहि तोकड्या विजारींतून केला.

घरीं आल्यावर तळव्यांस तूप लावीत असतां आम्हीं ही हकीकत मातोश्रींस सांगितली. त्या हंसतील असें वाटलें होतें. त्या हंसल्या नाहींत. बऱ्याच वेळानें म्हणाल्या, "आमच्या उमरखेडच्या वाड्यामागं चिंच होती. मी शेंड्यापर्यंत जायची. परकराचा काष्टा मारून. एक दिवस काष्टा सुटला. काकांनीं खालून पाहिलं आणि चढणंच बंद केलं." जरा थांबून त्या पुढें म्हणाल्या, "काष्टा नीट मारायला शिकव, असं कोणी आईला सांगितलं नाहीं."

आम्हीं मातोश्रींबरोबर पन्नासाहून अधिक वर्षें काढलीं आहेत. ही चिंच आम्हांस ठाऊक नव्हती.

संमतिपत्रावर सही त्याच दुपारीं झाली. पोशाखाचा प्रश्न मात्र मातोश्रींनीं आमच्याकडून काढून आपल्याकडे घेतला. दुकानांतून आणलेला कपडा त्यांनीं ताणून पाहिला, शिवण उलटी करून पाहिली, खांद्याशीं एक पट्टी वाढविली, आणि विजार कोठपर्यंत असावी हें विचारण्यासाठीं आमच्या तोंडून शिक्षकाकडे दोन निरोप धाडले. अमेरिकेंतील भाच्याचा गुडघ्याखालचा कायदा त्यांना हवा होता. शिक्षकास दोर धरण्यासाठीं पाय उघडे हवे होते. तडजोड मांडीच्या मध्यावर झाली. तीहि सरावापुरती, स्पर्धेच्या वेळीं काय, यावर वाटाघाटी अद्याप चालू आहेत.

गेल्या रविवारीं त्या प्रथमच मैदानावर आल्या. आम्हीं त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनीं दोराजवळ सरकवून घेतली. कन्या चढली, उलटी झाली, दोन्ही हात सोडून क्षणभर तशीच थांबली. आमचे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हां मातोश्रींचा पदर खांद्यावर होता आणि त्या चष्मा वर करून वर पाहत होत्या.

"आई, भीति वाटते का?" आम्हीं विचारलें.

"गप्प बस," त्या म्हणाल्या. "डाव्या बगलेची शिवण ताणतेय का, तें पाहूं दे."