प्रोनमधले नऊ

आमच्या मीरा रोडच्या घरात डायनिंग टेबलवर रायफल ठेवायची म्हणजे आधी तीन गोष्टी व्हायच्या. आई जेवणाची भांडी उचलायची, धाकटी रायफलीचा बोल्ट काढून आतल्या खोलीत ठेवायची आणि मी पडदा ओढायचो. कारण समोरच्या विंगमधल्या काकूंनी एकदा खिडकीतून पाहिलं होतं आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संध्याकाळभर मेसेज पडत होते. शेवटी धाकटीने ग्रुपवर स्वप्नील कुसाळेचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'मी हे करते.' विषय तिथेच संपला.

ही गोष्ट २०२४च्या ऑगस्टनंतरची. १ ऑगस्टला पॅरिसमध्ये स्वप्नीलने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. ४५१.४ गुण, आणि या प्रकारातलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, मध्य रेल्वेत नोकरी. ती फायनल मी ऑफिसची मीटिंग म्यूट करून बघितली. गुडघ्यावर बसून आणि झोपून मारायच्या फेऱ्या संपल्या तेव्हा तो पहिल्या तिघांत नव्हता. उभं राहून मारायला लागल्यावर तो वर सरकत गेला. धाकटी त्या वेळी रेंजवर होती. रात्री घरी येऊन तिने तीच फायनल परत लावली, पण तिचं लक्ष स्कोअरकडे नव्हतंच. दोन पोझिशन्सच्या मधल्या वेळात नेमबाज रायफलीवर काय काय फिरवतात, ते ती पॉज करून बघत होती.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: नीलिंग, प्रोन, स्टँडिंग, प्रत्येकी २० गोळ्या. लक्ष्य ५० मीटरवर आणि दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. रायफल एकच, पण शरीर तीन वेगवेगळ्या आकारांत. झोपल्यावर मान जिथे येते तिथे ती उभं राहिल्यावर येत नाही. त्यामुळे गाल टेकवायचं चीकपीस, खांद्याला लागणारी बट प्लेट, पुढच्या हाताला अडवणारा हँडस्टॉप, सगळं दर वेळी हलवावं लागतं आणि पुन्हा नेमकं पहिल्या जागी आणावं लागतं.

धाकटीची रायफल जुनी अन्शुट्झ होती, पॉइंट टू टूची, एका निवृत्त नेमबाजाकडून रीतसर लायसन्सवर चढवून घेतलेली. नळी आणि अ‍ॅक्शन उत्तम. दस्ता मात्र लाकडाचा, आणि तिच्यापेक्षा वीतभर उंच माणसासाठी बसवलेला. लाकडाच्या दस्त्यावर तेजस्विनी सावंतच्या पिढीने काय काय जिंकलं याची यादी तिचे कोच सांगायचे. (तेजस्विनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, तीही कोल्हापूरचीच. कोल्हापूरच्या पाण्यात काहीतरी आहे, हा आमच्या घरातला कायमचा विनोद.) पण लाकूड हवेतलं पाणी पितं. आमच्याकडे एका बाजूला खाडी, भाईंदरकडे मिठागरं. जुलैत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते. लाकूड फुगलं की अ‍ॅक्शनवरचा दाब बदलतो आणि गोळ्यांचा ग्रुप हळूच एका बाजूला सरकतो. पावसाळ्यात तिला दर आठवड्याला स्क्रू तपासावे लागायचे.

म्हणून मी माझ्या बोनसमधून तिला अ‍ॅल्युमिनियमचा दस्ता घेऊन दिला. याला चॅसी म्हणतात. रायफलीची नळी आणि अ‍ॅक्शन लाकडातून उचलायची आणि या धातूच्या सांगाड्यात बसवायची. सगळ्या भागांवर कोरलेल्या मोजपट्ट्या. चीकपीस प्रोनला १४, स्टँडिंगला २२ असं वहीत लिहून ठेवायचं, की झालं. इंजिनियर माणसाला याहून सुंदर वस्तू कुठली असणार?

बसवायचं काम मीच अंगावर घेतलं. लायसन्स तिचं असल्यामुळे ती समोर बसल्याशिवाय मी रायफलीला हात लावायचो नाही, हा नियम. दोन रविवार गेले. पहिला पूर्ण फुकट, कारण मी सगळी मापं ती टीशर्टवर असताना घेतली. शूटिंगचं जॅकेट म्हणजे कॅनव्हास आणि चामड्याचं चिलखत असतं. ते घातल्यावर खांद्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर पार बदललं. दुसऱ्या रविवारी ती एप्रिलच्या उकाड्यात, पंख्याखाली, पूर्ण जॅकेट-पँटमध्ये हॉलमध्ये उभी राहिली. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, श्वास सोडायचा, मग डोळे उघडायचे. मागच्या साइटच्या भोकात पुढची साइट आपोआप मधोमध दिसली तर दस्ता बरोबर, मान जराशी ओढावी लागली तर चूक. मी अर्धा-अर्धा मिलिमीटर हलवत होतो. आई मध्येच लिंबूसरबत घेऊन आली आणि म्हणाली, "ब्लाउज शिवायला टाकल्यासारखं चाललंय तुमचं." खरंच तसंच होतं.

मग नळीखाली कागदाची पट्टी सरकवून पाहिली. नळी दस्त्याला कुठे टेकत नाही ना, याची ही जुनी चाचणी. पट्टी न अडकता शेवटपर्यंत गेली. अ‍ॅक्शन चॅसीला धरून ठेवणारे दोन स्क्रू मी टॉर्क रेंचने आवळले. पत्रकात लिहिला होता तेवढाच जोर, पाच न्यूटन-मीटर. रेंचने 'कट्' आवाज दिला. पुढचा कट्, मागचा कट्. मी त्याचा व्हिडिओसुद्धा काढला.

स्पर्धा नऊ दिवसांवर होती. मध्ये रेंजवर दोनच स्लॉट मिळाले आणि त्यात तिने नवी पोझिशन अंगवळणी पाडली. टेबलावर, सँडबॅगवर रायफल ठेवून नुसती रायफल तपासायची, ते राहिलं. ते राहिलं म्हणजे मी म्हटलं, "गरज नाही."

स्पर्धेत नीलिंग तिच्या नेहमीसारखं झालं. स्टँडिंगही. प्रोनमध्ये, जिथे ती सहज १९५ मारते, तिथे १८८. एकूण ५६६. पात्रतेसाठी हव्या असलेल्या गुणांपासून तीन गुण कमी.

परतताना दहिसरपर्यंत कोणी बोललं नाही. मग तिने विचारलं, "दादा, प्रोनमध्ये नऊ का येत होते? मला शॉट चांगला वाटत होता. ट्रिगर सुटताना दहाच दिसत होता."

मी गाडी चालवता चालवता म्हणालो, "टेन्शन आलं असेल. दिसतं एक आणि होतं दुसरं."

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा आठवलंय. ज्याला खेळातलं काही कळतं त्याने असं बोलूच नये. उभं राहून मारताना रायफल हलते, तिथे गेलेले गुण बहुतेक माणसाचे असतात. प्रोनमध्ये कोपरं जमिनीला, पट्टा दंडाला, रायफल जवळपास दगडासारखी स्थिर. तिथे नेमबाजाला शॉट चांगला वाटतोय आणि तरी नऊ येतायत, तर आधी रायफल आणि गोळ्या बघायच्या. तिला हे माहीत होतं. पण रायफल दादाने बसवली होती, मोजून, व्हिडिओ काढून. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि संशय स्वतःवर घेतला.

पुढचे तीन आठवडे ती रात्री जेवण झाल्यावर हॉलमध्ये सतरंजी टाकून, रिकाम्या रायफलीने, भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून पडून राहायची. रोज दीड तास. चहा सोडला. झोपेचं अ‍ॅप टाकलं. एका रात्री पाणी प्यायला उठलो तर ती अंधारात तशीच पडलेली. म्हणाली, "श्वास बघतेय." मी झोपायला गेलो.

दरम्यान रेंजवर ग्रुप आणखी वाईट येत होते. आधी दहा गोळ्यांचा ग्रुप बाहेरून बाहेर १७ मिलिमीटर असायचा, आता २६. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण तोही चुकीचा. मी शीट बनवली: तापमान, आर्द्रता, गोळ्यांचा लॉट, ग्रुप. माझा सिद्धांत असा, की अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. २० सेंटिमीटरच्या अ‍ॅक्शनवर १५ अंशांच्या फरकाने ०.०३ मिलिमीटरचा फरक पडतो. तेवढी अ‍ॅक्शन तिरकी झाली तर ५० मीटरवर सात मिलिमीटर! ग्राफ काढला. हा ग्राफ मी ज्यांना दाखवला ते रेंजवरचे काका, सैन्यात शस्त्रं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेले. त्यांनी फोन हातात घेतला, बघितला, परत दिला.

"साइट कशावर बसलीय?" त्यांनी विचारलं.

"नळीवर आणि अ‍ॅक्शनवर."

"दोन्ही धातूवरच ना? मग धातू दस्त्यात तिरका झाला तर साइटपण त्याच्यासोबतच तिरकी होणार. नेम तर ती साइटीनेच धरते."

मला दोन सेकंद काही सुचलं नाही. इतकं सरळ होतं. ग्राफ गेला.

"पण अ‍ॅक्शन दस्त्यात *हलत* असेल तर गोष्ट वेगळी," काका म्हणाले. गोळी नळीत दोन-तीन मिलिसेकंद असते. तेवढ्यात रायफल मागे ढकलली जाते, थरथरते. ती दर वेळी सारखीच थरथरली तर गोळ्या एकाच जागी जातात. अ‍ॅक्शन आज इथे टेकली, पुढच्या गोळीला केसभर तिथे टेकली, की ग्रुप पसरला.

त्यांनी धाकटीकडून बोल्ट काढून घेतला, नळी रिकामी असल्याची स्वतः खात्री केली. मग डाव्या हाताचं बोट असं ठेवलं की अर्धं नळीवर, अर्धं दस्त्यावर. उजव्या हाताने पुढचा स्क्रू सैल केला, पुन्हा आवळला. "बघ, बोट ठेव." मी ठेवलं. स्क्रू आवळताना जोडावर काहीच जाणवलं नाही, आणि रेंचने कट् केलं. मग त्यांनी नळी किंचित दाबली. बोटाखाली सूक्ष्म टिकटिक. धाकटीनेही बोट ठेवलं. तिने लगेच काढलं.

काकांनी स्क्रू बाहेर काढून टोक उजेडात धरलं. टोकावर गोल, चकचकीत घासल्याची खूण. "लाकडाचा आहे हा. जाड दस्त्याला एवढा लांब लागतो. तुझा ठोकळा पातळ. हा जाऊन भोकाच्या तळाला टेकतोय. रेंच तळाशी भांडतोय आणि तुला वाटतंय आवळला."

टॉर्क रेंच पकड मोजत नाही, स्क्रू फिरायला किती विरोध होतो ते मोजतो. विरोध कुठून येतोय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कामावर टेस्ट हिरवी दिसते आणि कोड चालत नाही, असं महिन्यातून एकदा तरी होतं. तिथे मी पहिला प्रश्न विचारतो, की टेस्ट नक्की काय तपासतेय? घरी नाही विचारला.

"चॅसीसोबत छोटे स्क्रू आले असतील," काका म्हणाले.

आले होते. खोक्याच्या तळाशी, छोट्या प्लॅस्टिकच्या पुडीत, न फोडलेले. मी ते स्पेअर समजलो होतो. पत्रक जर्मनमध्ये होतं आणि मी त्यातला फक्त आकडा वाचला होता.

त्या संध्याकाळी तिने पुडी स्वतः फोडली, स्क्रू स्वतः लावले, बोट जोडावर ठेवून. आवळताना धातू खाली बसताना जाणवला, म्हणाली. पुढच्या स्लॉटला सँडबॅगवर दहा गोळ्या: १६ मिलिमीटर. तिने टार्गेट गुंडाळून बॅगेत टाकलं. मी सॉरी म्हणालो, म्हणजे म्हणायला लागलो, तर ती म्हणाली, "स्क्रूचं सोड. टेन्शन आलं असेल असं का म्हणालास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला रायफलीबद्दल खात्री होती आणि तिच्याबद्दल नव्हती, हे खरं उत्तर होतं, ते मी गाडीत दिलं नाही. घरी गेल्यावर, रात्री साडेअकराला, दिलं. ती ऐकून घेऊन झोपायला गेली. चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. आईला वाटलं स्पर्धेचं दुःख आहे.

गेलेले तीन गुण परत येत नाहीत. पात्रता पुढच्या वर्षी. आता स्क्रूंच्या डोक्यावर नेलपॉलिशची रेघ असते, अर्धी स्क्रूवर, अर्धी चॅसीवर, म्हणजे स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसते. रेघ ती मारते. रेंच तिच्या बॅगेत असतो. मला कागदाची पट्टी नळीखालून सरकवायचं काम आहे, तेही तिने हाक मारल्यावर. चहा तिने परत सुरू केलाय.

लाकडाचा दस्ता माळ्यावर, जुन्या चादरीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. मी एकदा विकायचं विचारलं तर नको म्हणाली. लांब स्क्रू मात्र त्याच्यासोबत नाहीत. ते तिने चिकटपट्टीने वहीच्या पहिल्या पानावर लावलेत, आणि खाली तारीख आणि १८८.