वंशावळीबाहेरची माणसे

आपल्या घरी जुन्या वंशावळीचा एखादा कागद असेल, तर वाचकहो, तो एकदा बाहेर काढून नीट पाहावा. अगदी वरती मूळ पुरुषाचे नाव एकटे असेल. त्याखाली त्याचे मुलगे, मग त्यांचे मुलगे, अशी नावे खाली खाली उतरत आलेली असतील. कोणापुढे ‘दत्तक’ असे लिहिलेले असेल, कोणापुढे ‘निर्वंश’. एवढ्या मोठ्या गर्दीत स्त्रीचे नाव मात्र बहुधा एकही आढळायचे नाही.

आमच्या घराण्याची वंशावळ जुळविण्याचा उद्योग मी गेली चार वर्षे सवडीने करीत आहे. भाषांतर हा माझा पोटाचा व्यवसाय. एका भाषेतून दुसरीत जाताना काय गळते, यावर लक्ष ठेवण्याची सवय त्यामुळे जडलेली आहे. माणसे कागदावर जाताना कशी गळतात, हे मात्र मला या उद्योगानेच शिकविले.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले, एका लहानशा गावचे वतनदार कुळकर्णी. महाराज छत्रसालांनी आपल्या राज्याचा वाटा थोरल्या बाजीरावांस दिला आणि 1731 मध्ये ते निवर्तले. त्यानंतर बुंदेलखंडाकडे मराठी शिलेदार, कारकून आणि भिक्षुक यांची रीघ लागली. गोविंदपंत बुंदेले यांनी सागरास बस्तान बसविले. पुढे 1760 साली पानिपतच्या मोहिमेत ते मारले गेले, पण त्यांच्या घराण्याकडे सागरचा कारभार राहिला आणि 1818 मध्ये तो मुलूख इंग्रजांकडे गेला. या रिघेतच आमचा एक पूर्वज उत्तरेस गेला. गावाकडच्या शाखेने जपलेल्या वंशावळीत त्याच्या नावापुढे दोनच शब्द आहेत : ‘सागरास राहतो’. त्याखाली कोरा कागद.

तो कागद तेथेच का थांबला, याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर साधे होते. ती वंशावळ प्रेमाने लिहिलेलीच नव्हती. वतनातील हिस्सा कोणाचा, हे सरकारदरबारी दाखविण्यासाठी ती तयार झाली होती. जो गाव सोडून गेला आणि ज्याने हिस्सा मागितला नाही, त्याची मुलेबाळे लिहिण्याचे कारणच काय? स्त्रियांचेही तेच. मुंबई इलाख्यात 1886 साली वतनासंबंधी जो कायदा झाला, त्याने शेवटच्या वतनदाराची विधवा वगळता घराण्यातील प्रत्येक स्त्रीचा क्रम घराण्यातील सर्व पुरुषांच्या मागे लावला. मग लेकीसाठी शाई कोण खर्च करणार! कुळकर्णी वतने 1950 च्या कायद्याने नष्ट झाली. वंशावळी काढण्याची ती तऱ्हा मात्र आमच्या हातांत तशीच राहिली.

सागरकडचा धागा सापडला तो नाशिकला. तेथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात, हे पुष्कळांस ठाऊक असेल. यात्रेस आलेला माणूस आपले गाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे यांची नावे त्यात लिहून ठेवी, पुष्कळदा स्वतःच्या हाताने. जुने लेख मोडीत असतात. मोडीत आधी डोक्यावरची रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरे टांगीत. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. पहिल्या दिवशी दोन ओळींस मला तीन तास लागले. कालगणनेचाही घोळ असतो. शकात 78 मिळविले की इसवी सन येतो (वर्षाअखेरच्या महिन्यांत 79). सुहूर सन असेल, तर 599 किंवा 600 मिळवावे लागतात.

याहून मोठा चकवा नावांचा. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपल्याकडे चाल असल्यामुळे एकाआड एक पिढीत तेच नाव परत येते. पेशव्यांचेच पाहा : बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव, त्यांचे पुत्र पुन्हा बाळाजी. नुसते ‘बाळाजी’ वाचून कोणी आजा-नातू एक केले, तर मधली पन्नास वर्षे नाहीशी व्हायची. म्हणून बापाच्या नावासकट जुळेल तेच नाव मी धरते. बाकीची पेन्सिलीने लिहून ठेवते.

नाशिकच्या वहीत आमच्या सागरकर शाखेच्या चार पिढ्या मिळाल्या. आणि विशेष म्हणजे तेथे स्त्रियाही होत्या! खापरपणजोबांनी आपल्या लेखात मातोश्रींचे नाव लिहिले होते, पत्नीचे लिहिले होते, दोघा भावजयांचीही नावे होती. मी हरखून गेले. मग ध्यानात आले की, या साऱ्या घरात आलेल्या सुना. घरात जन्मलेली एकही लेक त्यात नव्हती.

त्या लेकींपैकी एकीविषयी मला लहानपणापासून कुतूहल होते. ती माझ्या पणजोबांची बहीण. अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली ती कायमची. माझे आजोबा दोन वर्षांचे असताना त्यांची आई वारली, तेव्हा त्यांना हिनेच वाढविले. जबलपूरला असणाऱ्या माझ्या वडील आत्यांनी तिला लहानपणी पाहिलेले आहे : आलवण नेसलेली, पहाटे चारला जात्यावर बसणारी, घरच्या किल्ल्या कमरेला लावणारी. सारे घर तिला ‘आत्याबाई’ म्हणे. नाव कोणासच ठाऊक नव्हते. घर जिच्यामुळे टिकले, तिला वंशावळीत कोठे आणि कोणत्या नावाने लिहावे, या प्रश्नावर माझे काम दीड वर्ष अडून राहिले.

शेवटी ते नाव मिळाले आजोबांच्या पोथ्यांच्या पेटीत. महालय श्राद्धात केवळ बाप, आजा, पणजा यांनाच पाणी द्यावयाचे नसते; आई, आजी, पणजी, मातुल घराणे, चुलते, भाऊ, आत्या, मावशी, बहिणी, सासरे, गुरू, अशा साऱ्या गत आप्तांची नावे घ्यावी लागतात. ऐन वेळी विसर पडू नये म्हणून आजोबांनी ती एका चिठोऱ्यावर उतरून ठेवली होती. ‘आत्या’ या शब्दापुढे एका नदीचे नाव होते आणि त्यापुढे आमच्याहून निराळे गोत्र, तिच्या सासरचे. हिश्श्यासाठी केलेल्या कागदाने जिला गाळले, तिला तिळपाण्यासाठी केलेल्या कागदाने सांभाळले होते. मूठभर तीळ आणि ओंजळभर पाणी, यांत कोणाचा वाटा कमी होत नाही, म्हणूनही असेल.

जबलपूरला गेले तेव्हा तो चिठोरा मी आत्यांच्या हाती दिला. वय पंचाऐंशी, भिंगातून त्यांनी तो दोनदा वाचला. ते नाव एकदा मोठ्याने उच्चारले आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, हे नाव सासरचं गं. लग्नात बदललेलं. माहेरचं नाव तर गेलंच.”

मी गप्प राहिले.

“माझं माहेरचं नाव तुला माहीत आहे का?” त्यांनी विचारले.

मला माहीत नव्हते. सासरी त्यांना त्या नावाने हाक मारणारे कोणी नाही आणि माहेरी त्या आमच्या ‘आत्या’. त्यांनी ते सांगितले, अक्षरे सुटी करून, मी लिहून घेईपर्यंत. मग आपल्या दोघी बहिणींची माहेरची नावे सांगितली, आईचे सांगितले, थोरल्या जावेचे सांगितले. धाकट्या नणंदेशी येऊन मात्र त्या अडल्या. त्यांनी डोळे मिटून पाहिले, बोटे मोडून पाहिली, आठवेना.

हल्ली माझ्या वंशावळीत प्रत्येक स्त्रीसाठी दोन ओळी असतात, माहेरच्या नावाची वर आणि सासरच्या नावाची खाली. आत्याबाईंची वरची ओळ कोरी आहे. धाकट्या नणंदेचीही होती. पण मी दिल्लीला परतल्यावर आठव्या दिवशी रात्री दहाला आत्यांचा दूरध्वनी आला. खुशाली वगैरे काही न विचारता त्यांनी एकच शब्द सांगितला आणि म्हणाल्या, “लिहिलंस?”