संशय आणि गोचीड

माकडताप हा कुणीतरी मुद्दाम सोडलेला रोग आहे, असं मी बरीच वर्षं मानत आलो. ते मत हवेतून आलेलं नव्हतं. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला, तर तो रशियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. सायबेरियाकडच्या पाखरांनी आणला असेल, म्हणून पाखरांच्या पायांत वळी घालून अभ्यास सुरू झाला, आणि पुढे त्या कामाला पैसा आला तो अमेरिकी लष्कराचा. 1975 मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर आणि परदेशी मदतीने चाललेल्या डासांच्या प्रयोगावर बोट ठेवलं. एवढं वाचूनही ज्याला संशय येत नाही, तो माणूस मला आजही भाबडा वाटतो. शिवाय मी गोव्यातल्या मुळगावचा. खाणीच्या गावात वाढलेल्याला संशय शिकवावा लागत नाही.

तेव्हा माझ्या लेखी अशा हल्ल्यापासून बचाव म्हणजे शत्रू हुडकणं आणि त्याला करारात बांधणं.

करारांवरची भिस्त आधी ढिली झाली. रासायनिक शस्त्रांचं एक बरं असतं, ती मोजता येतात. भारताने 1997 मध्ये मस्टर्ड वायूचा 1,044 टनांचा साठा जाहीर केला आणि 2009 पर्यंत हेगच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली तो नष्ट केला. जंतूंचा करार 1972 चा, म्हणजे रासायनिक शस्त्रांच्या कराराहून जुना. पण त्याला तपासनीसच नाहीत. असते तरी काय मोजणार? कुपीभर जंतू वाढवून हवे तेवढे करता येतात, आणि लस बनवणाऱ्याच्या फडताळातही तेच जंतू असतात.

संशयाचं निराळं झालं. 2015 मध्ये सत्तरीतल्या पाळीत आणि 2016 मध्ये दोडामार्गातल्या केर गावात माकडताप आला. अस्नोड्याहून दोडामार्गचा रस्ता आम्हाला पायाखालचा. काजूचा हंगाम आणि या तापाचा हंगाम एकच. बोंडू झाडाखाली पडतात, ते वेचायला पाचोळ्यात हात घालावा लागतो, आणि हा ताप पसरवणारी गोचीड असते तिथेच. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं की ती जागा टाळायची, कळवायचं आणि तिथे कीटकनाशक पावडर मारून घ्यायची. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. पण लागण झालेल्या शंभरातले तीन ते पाच दगावतात. काजूच्या बागेत ‘कुणी सोडला?’ हा माझा प्रश्न कुणाच्याच कामाचा नव्हता.

तिथून मत फिरलं. समजा, उद्या खरंच कुणी जंतू सोडले. तो काही दवंडी पिटणार नाही. आधी चारदोन जनावरं मरतील, मग डिचोलीच्या नाहीतर वाळपईच्या आरोग्य केंद्रात न उतरणारा ताप घेऊन माणसं येतील. रोग जंगलातून आला की प्रयोगशाळेतून, तिथल्या नर्सला कामं तीच: रक्ताचा नमुना घेणं, वर कळवणं, वाडीवर जाऊन आणखी कुणाला ताप आहे का ते पाहणं. नमुना वेळेवर पोचला नाही, तर हेरखात्याला तरी पत्ता कुठून लागणार? शत्रू शोधायचा असेल, तरी सुरुवात त्या नमुन्यापासूनच. परक्या लष्कराचा पैसा आपल्या जंगलात कशाला, हे मी अजूनही विचारीन. फक्त त्या उत्तरावाचून काही अडून राहावं असं आता वाटत नाही.

ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेलाही मी आधी पांढरा हत्ती म्हणत असे. रासायनिक आणि जैविक हल्ल्यांपासून बचाव हा तिचा विषय. अंगाला लावायचं ‘डेपा’ हे कीटकरोधक तिथेच तयार झालं, आणि कर्नाटकात माकडतापाच्या गावांमधून त्याचं तेल वाटलं जातं. माकडतापाची जुनी लस नीट गुण देईना, म्हणून 2022 मध्ये बंद झाली. नवी हाती येईपर्यंत बागेत जाणाऱ्याकडे हे तेल, लांब बाह्या आणि घरी आल्यावर कढत पाण्याने आंघोळ, एवढंच आहे.